नकाशावरची ‘रिकामी’ जागा

आज मागे मधूनच लोकलचा आवाज आला तर समजून घ्या. मी देवनारची, आमचं स्टेशन गोवंडी. कॉलेज वाशीला होतं, त्यामुळे हार्बर लाइन पाठ आहे. मानखुर्द सुटलं की गाडी खाडीच्या पुलावर येते. हिवाळ्यात ओहोटी असेल तर डाव्या हाताला चिखलावर गुलाबी ठिपके दिसतात. फ्लेमिंगो! दारात लटकलेला माणूसही दोन सेकंद मोबाइलमधून मान वर काढतो.

ही रेल्वे १९९२ मध्ये वाशीपर्यंत पोचली. पुलाचे खांब थेट खाडीत. आता याच खाडीतून, पण थोडं उत्तरेला, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन जाणार आहे. आणि ती जाणार तळाखालून. बीकेसी ते शिळफाटा सुमारे २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखाली. तिवरं आणि पक्षी वाचावेत, हे त्यामागचं जाहीर कारण.

मग मला प्रश्न पडला, रेल्वेचा मार्ग ठरवताना निसर्गाचा विचार नेमका कसा करतात?

पद्धत साधी आहे. आधी नुकसान टाळा. टाळता येत नसेल तर कमी करा. उरेल त्याचीच भरपाई द्या. क्रम महत्त्वाचा. बोगदा म्हणजे टाळणं. ठाणे स्टेशनचं उदाहरण कमी करण्याचं. तिथे स्टेशन हललं नाही, पण पार्किंग आणि प्रवाशांच्या सोयी तिवरांच्या बाहेर नेल्या. बाधित होणारं तिवरांचं क्षेत्र १२ हेक्टरवरून ३ हेक्टरवर आलं. फक्त आराखडा बदलून!

तरी तिवरं तुटणारच होती. २०१८ च्या आदेशामुळे राज्यात तिवरं तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने या प्रकल्पासाठी सुमारे २० हजार तिवरं तोडायला परवानगी दिली. बदल्यात नवी लावायची. पण लावलेली जगणार किती? हा प्रश्न त्या सुनावणीतही आला. रोप लावलं की फोटो निघतो, पण खाडी उभी राहायला वर्षं जातात. म्हणून भरपाई सगळ्यात शेवटी.

आता खरी गोम ऐका. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते, त्या यादीत रेल्वेमार्ग नाहीतच. मग खाडीबद्दल विचारावं का लागलं? कारण खाडीकडे कागद होते. २०१५ मध्ये ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. शिवाय तिवरांचा कायदा, किनाऱ्याचे नियम. ज्या जागेकडे असे कागद नाहीत, तिथून रेघ सरळ जाते.

हे देवनारच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९२७ पासून शहराचा कचरा आमच्याकडे येतोय. तेव्हा कुणाला तरी नकाशावर खाडीकाठ ‘रिकामा’ दिसला असणार. पण तो रिकामा नव्हता. तिथे चिखल होता, मासे होते, पक्षी होते. आज डोंगराएवढा कचरा आहे आणि त्याच्या पायथ्याशी माणसं राहतात. एकदा चुकीची रेघ मारली की शंभर वर्षं पुसत बसावं लागतं.

म्हणून मी बुलेट ट्रेन हवी की नको, यावर भांडणार नाही. माझं म्हणणं एवढंच की प्रश्न रेघ मारायच्या आधी विचारा. नंतर विचारलं तर हातात फक्त भरपाई उरते.

तुमच्या भागातून नवी मेट्रो, रेल्वे, काहीही जात असेल, तर आजच मॅप उघडा. जिथे काहीच दिसत नाही, तिथे एकदा स्वतः जाऊन या. काय सापडलं ते व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात तुमचे आवाज ऐकवेन.

चला, गाडी आली. भेटू!