मोटारीच्या दुखण्यावर दुसरा सल्ला

रायपूरच्या वैशाखात मोटारीचे इंजिन तापणे नवलाचे नाही. पाणी उकळते, गाडी थांबते आणि मिस्त्री निर्वाळा देतो, “हेड गॅस्केट गेले, इंजिन उघडावे लागेल.” घरातल्या दुखण्याला दोन वैद्यांचे मत घेणारा गृहस्थ येथे मात्र भिडेस बळी पडतो. वास्तविक या तापाचे मूळ अडकलेल्या थर्मोस्टॅटमध्ये, बंद पडलेल्या पंख्यात किंवा रेडिएटरच्या सैल झाकणातही असू शकते. गॅस्केटचाच संशय असेल, तर सिलिंडरमधील दाब मोजता येतो, रेडिएटरच्या पाण्यात जळका वायू उतरला आहे की काय हेही पाहता येते. आणि ही दोन्ही कामे इंजिन न उघडता होतात. दुसऱ्या मिस्त्रीला पहिल्याचे निदान सांगू नये, लक्षणे तेवढी सांगावीत. नाहीतर तोही त्याच वाटेने जातो. गाडी मात्र ओढून न्यावी. चालवीत नेली, तर नसलेला बिघाड वाटेतच उत्पन्न व्हायचा! कधी पहिल्याचेच म्हणणे खरे ठरते. मग मोठा खर्च निदान डोळसपणे होतो. बिल मात्र मागून घ्यावे. ते न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.