‘बळी’ : एक शब्द, अनेक मथळे

(चेंबूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



वृत्तपत्रात रोज भेटणाऱ्या एका शब्दाविषयी आज बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे ‘बळी’. पहिल्या पानावर अपघाताचे बळी, आतल्या पानांवर हुंडाबळी आणि भूकबळी, राजकारणाच्या बातमीत बळीचा बकरा, शेतीच्या पुरवणीत बळीराजा आणि क्रीडापृष्ठावर गोलंदाजाने टिपलेले पाच बळी. एकाच अंकात हा शब्द इतकी रूपे धारण करतो, तरी वाचक कोठेही अडखळत नाही. मराठीच्या या लवचीकतेचे कौतुकच केले पाहिजे.

तथापि या शब्दाचे मूळही ध्यानात असावे. संस्कृतातील ‘बलि’ म्हणजे अर्पण केलेला वाटा. वैश्वदेवातील बलिहरणात प्राणिमात्रांसाठी अन्नाचा भाग काढून ठेवतात. कावळ्यासाठी ठेवतात तो काकबळी. कालिदासाने रघुवंशात दिलीप राजाने घेतलेल्या कराला हाच शब्द योजला असून, तो कर प्रजेच्याच कल्याणासाठी होता असे सांगितले आहे. वामनाला सर्वस्व देणारा राजाही बळीच. बलिप्रतिपदेला आपण त्याचे स्मरण करतो. ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीतला बळी मात्र ‘बल’ शब्दापासून आलेला. त्याचे कूळ वेगळे. अर्पणाच्या अर्थाने पाहिले, तर बळी म्हटला की देणारा असतो, घेणारा असतो आणि काही हेतूही असतो.

आता एकाच वर्षातील, याच महानगरातील दोन घटना पाहा. १८ जुलै २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आपल्या वाशीनाका परिसरातील भारतनगरात मुसळधार पावसात झोपड्यांवर भिंत कोसळली आणि डझनाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी डिसेंबरात वानखेडे मैदानावर, मुंबईतच जन्मलेल्या न्यूझीलंडच्या एजाझ पटेलने भारताचे दहाही बळी ११९ धावांत घेतले. क्रिकेटच्या धावफलकात गोलंदाजाने घेतलेल्या प्रत्येक बळीपुढे त्याचे नाव असते, झेल घेणाऱ्याचेही असते. दरड किंवा भिंत कोसळली की मात्र ‘पावसाचे बळी’ एवढ्यावर वाक्य संपते. उतारावर वस्ती कशी वाढली, धोक्याची कल्पना कोणाला होती, पुनर्वसनाची जबाबदारी कोणाकडे होती, हे सारे प्रश्न त्या एका षष्ठी विभक्तीत विरून जातात. ‘खड्ड्यांचे बळी’, ‘थंडीचे बळी’, ‘कर्जाचे बळी’ यांचीही तीच गत. खेळात जी काटेकोर नोंद आपण ठेवतो, ती माणसांच्या मृत्यूबाबत ठेवू नये काय?

दुसरा दोष याच्या उलट आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याविषयी ‘१६६ बळी’ असे सरसकट लिहिले जाते. त्या संख्येत तुकाराम ओंबळेही येतात. गिरगाव चौपाटीवर केवळ लाठी हाती असताना त्यांनी कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवली, गोळ्या झेलल्या आणि त्यामुळेच तो जिवंत सापडला. पुढे त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. ज्याचा प्राण हिरावून घेतला गेला तो बळी. ज्याने तो जाणतेपणी दिला, त्याचे ते बलिदान. हा भेद दाखवायला स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘हुतात्मा’ हा शब्द आपल्या हाती दिला आहे. तो असताना सर्वांना एकाच आकड्यात कोंबणे हा शब्दांचा आळस आहे, आणि वीरावरचा अन्यायही.

बातमीदार रात्री घाईने मजकूर देतो, मथळ्याला जागा थोडी असते, हे मान्य. पहिल्या दिवशी कारण ठाऊक नसेल, तर ‘मृत्यू’ हा साधा शब्द पुरेसा आहे. कारण कळल्यावर मात्र कर्त्याचे नाव वाक्यात आलेच पाहिजे. आणि ते आले नाही, तर आपण वाचकांनी संपादकांना पत्र लिहून विचारावे : बळी किती गेले ते कळले, ते घेतले कोणी?