तुटलेली तार आणि बैलाचं पाऊल



मृगाचा पाऊस वारं-वादळ घेऊनच येतो, आणि वाऱ्यात विजेच्या तारा तुटतात. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी अशीच तार रात्रीतून बांधाशी पडली. सकाळी औताला निघालेली बैलजोडी तारेपासून चार-पाच हातांवर जागीच कोसळली. मागचा धनी बैलांकडे धावणार, तोच शेजाऱ्यानं ओरडून थांबवलं, म्हणून तो वाचला. "साहेब, तारेला न शिवता माझे बैल गेले कसे?" असं त्यानं मला विचारलं. त्याचं उत्तर तुम्हा सर्वांना ठाऊक हवं.

आपण समपातळी बांध घालतो. त्या रेषेवर उंची सगळीकडे सारखी, म्हणून पाणी रेषेच्या लांबीनं वाहत नाही. ते वरून खालच्या पातळीकडं धावतं. विजेचंही तसंच आहे. पाण्याला जशी उंची, तसं विजेला विभव. ते व्होल्टमध्ये मोजतात. तुटलेल्या तारेतून वीज जमिनीत उतरते, तेव्हा टोकापाशी विभव सर्वांत जास्त असतं आणि दूर जावं तसं कमी होतं. तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी समान विभवाची वर्तुळं तारेभोवती आहेत असं समजा. दोन्ही पाय एकाच वर्तुळावर असतील, तर त्यांच्यात वीज वाहण्याचं कारण नाही. तारेवरची चिमणी म्हणूनच सुखरूप असते. पण पाय दोन वर्तुळांवर पडले, की विभवातला फरक वीज अंगातून ढकलतो.

समजा, टोकापासून १ मीटरवर १,००० व्होल्ट आहेत. एकसारख्या जमिनीत २ मीटरवर ५०० आणि ४ मीटरवर २५० राहतील. २ मीटरवरून पाऊण मीटरचं पाऊल दूर टाकणाऱ्या माणसाच्या पायांत सुमारे १३६ व्होल्टचा फरक पडतो. तिथंच बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर अंतर असेल, तर तो सुमारे २१४ होतो. शिवाय बैलाच्या बाबतीत वीज छातीतून, काळजाजवळून जाते. म्हणून माणूस कदाचित वाचतो, बैल मरतो.

तेव्हा एवढं पाळा :

१. पडलेली तार जिवंतच समजा. निदान १० मीटर दूर राहा, गुरंही दूर ठेवा.

२. जवळ सापडलात तर धावू नका. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, घासत घासत बाहेर या.

३. जनावर पडलं तरी वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याच्याकडं जाऊ नका. काठीनं तार हलवू नका.

४. उपकेंद्राला किंवा १९१२ या क्रमांकावर लगेच कळवा. तोवर वाटेवर माणूस उभा करा.

५. विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला गुरं बांधू नका.

बैल पुन्हा घेता येईल, हे म्हणायला सोपं आहे. तो किती जड जातो हे मी जाणतो. पण घरचा धनी बाजारात मिळत नाही. हा कागद गोठ्याच्या दाराशी लावा आणि पोराबाळांना वाचून दाखवा.

रामराम!