वुड्सवर्थच्या विनिपेगमध्ये स्वागत

गरिबी आणि भांडवलशाहीवर बोलायला एवढ्या थंडीत माणसं जमतात, याचं यजमानांनाच नवल वाटतंय.

जे. एस. वुड्सवर्थ इथल्याच नॉर्थ एंडमध्ये मेथडिस्ट मिशन चालवत. रेल्वेच्या रुळांपलीकडची ती स्थलांतरितांची वस्ती; एकेका खोलीत अख्खं बिऱ्हाड. १९०९ साली त्यांनी या नवागतांवर पुस्तक लिहिलं. त्यात आशियाई लोकांवरही प्रकरण आहे, आणि त्यातच भारतीय माणसंही आली. ही मंडळी कॅनडात मिसळायची नाहीत, असा त्याचा सूर. म्हणजे ज्यांच्या लेखनासाठी आपण जमलो, त्यांच्या हिशेबी आपण भारतीयांनी इथे यायलाच नको होतं! हे झाकून हारतुरे घालणं मला जमणार नाही.

पण हा माणूस तिथेच अडकून बसला नाही. १९१८ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर चर्चशी फारकत घेतली आणि व्हँकुव्हरच्या गोदीत हमाली धरली. वय चव्वेचाळीस, अंगकाठी किडकिडीत, घरी मुलंबाळं. गरिबांना सुधारायला निघालेले धर्मोपदेशक स्वतःच रोजंदारीवर आले. पुढच्या वर्षी विनिपेगच्या सार्वत्रिक संपात त्यांच्यावर राजद्रोही लेखनाचा आरोप आला. आक्षेपार्ह मजकुरात बायबलमधली वचनंही होती! खटला पुढे चालवलाच नाही.

१९२१ मध्ये ते खासदार झाले. १९२६ मध्ये पंतप्रधान किंग यांचं सरकार काठावर होतं. वुड्सवर्थनी त्यांना पत्र धाडलं : बेकारांचं काय करणार, म्हाताऱ्यांचं काय करणार? हाती मतं दोनच, स्वतःचं आणि सहकारी मजूर खासदार हीप्स यांचं. त्यातूनच १९२७ ला वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला. सत्तरीनंतर महिन्याला फार तर २० डॉलर, तेही मिळकत तपासून; इंडियन कायद्याखालच्या मूळनिवासींना तेही नाही. तुटपुंजंच. तरी माझ्या मते त्यांच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा ते पत्र मोठं.

१९३२-३३ मध्ये तिकडे भारतात नाशिकच्या तुरुंगात अच्युतराव पटवर्धनांसारखे तरुण काँग्रेस समाजवादी पक्षाची जुळवाजुळव करत होते, तेव्हा इकडे कॅल्गरी आणि रेजायनाला वुड्सवर्थ यांच्या नेतृत्वाखाली सीसीएफ हा कॅनडाचा समाजवादी पक्ष उभा राहत होता. त्यावर दुपारी बोलणं होईलच.

सकाळचं सत्र मात्र मुद्दाम १९०९ च्या पुस्तकावर ठेवलंय. मनमोकळं भांडा, चहा मागच्या टेबलावर आहे, कोट डावीकडच्या खोलीत. अध्यक्षांनी आता सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.