कोऱ्या कागदासमोर



कागद फळीवर ताणून बसवावा, रंग कालवून घ्यावेत, आणि नेमका त्याच क्षणी हात थबकावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल.

अशा वेळी आपल्याच नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे स्मरण करावे.

ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत. पुष्कळसा काळ चिंतनात जाई, आणि मगच रोलर व पॅलेट नाइफ घेऊन ते रंगाचे थर चढवीत.

थांबणे हेही कामच.

नवशिक्याने मात्र, माझ्या मते, कागदाचा कोरेपणा आधी मोडावा.
गेरूचा पाणीदार हात सबंध कागदावर फिरवावा.

पुन्हा सांगतो, थांबणे हेही कामच.
तो रंग वाळेपर्यंत स्वस्थ पाहत बसावे;
एखादा ओघळ उतरेल,
आणि त्यातच कदाचित फुटाळा तलावाची काठरेषा दिसू लागेल.