मंगळवारची सभा

मंगळवार, सकाळचे साडेनऊ. लॉस एंजलीस शहराच्या मध्यभागीं, केनेथ हान यांचें नांव धारण करणाऱ्या विस्तीर्ण सरकारी इमारतींतील सभागृहांत लोक जमूं लागलेले असतात. कोणी रुग्णालयांतील परिचारिका, कोणी कामगारसंघाचा चिटणीस, कोणी भाडें थकलेला भाडेकरी, कोणी मुलगा तुरुंगांत असलेली आई, आणि कोणी केवळ बोलण्याची हौस म्हणून दर सभेला हजेरी लावणारा वृद्ध. समोरच्या उंच आसनांवर पांच सभासद येऊन बसतात. प्रार्थना होते, राष्ट्रध्वजाला वंदन होतें, आणि सुमारें एक कोटि लोकांचा कारभार ज्या पांच माणसांच्या हातीं आहे त्यांची नित्याची जाहीर सभा सुरू होते.

श्रोतेहो, ही सभा नगरपालिकेची नव्हे आणि विधिमंडळाचीहि नव्हे. ती ‘काउंटी’ची. या शब्दाला मराठींत ‘जिल्हा’ म्हणण्याची वहिवाट आहे व ती चुकीची नाहीं. परंतु त्यावरून आपल्याकडील जिल्हा डोळ्यांसमोर आणल्यास थोडी फसगत होते. आपल्या जिल्ह्याचा मुख्य अधिकारी सरकारनें नेमलेला असतो, आणि लोकांनीं निवडलेली जिल्हा परिषद, जी महाराष्ट्रांत १९६२ सालीं अस्तित्वांत आली, ती त्याच्या शेजारीं आपलें वेगळें काम पाहते. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत हे दोन प्रवाह बव्हंशीं एकाच पात्रांत सोडलेले आहेत. तेथें पर्यवेक्षकांचें मंडळ स्वतःच नियम करतें, स्वतःच त्यांची अंमलबजावणी करवितें, आणि कांहीं प्रकरणीं न्यायाधीशासारखें बसून अपिलेंहि ऐकतें. शेरीफ, सरकारी फिर्यादी आणि मालमत्तेची करआकारणी करणारा अधिकारी यांना मतदार निराळे निवडून देतात खरे. पण त्यांच्याहि खर्चाची थैली मंडळाच्याच हातीं असते.

१८५२ सालीं हें मंडळ स्थापन झालें तेव्हां लॉस एंजलीस हा गुरांच्या कुरणांचा आणि द्राक्षमळ्यांचा विरळ वस्तीचा मुलूख होता. पांच सभासद त्याला पुरून उरत. आतां त्या काउंटींत ८८ स्वतंत्र नगरें आहेत, आणि त्यांच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या सुमारें दहा लाख लोकांना तर रस्ते व दिवाबत्ती यांसाठींहि या मंडळावांचून दुसरा वाली नाहीं. सभासद मात्र पांचच राहिले; एकेकाच्या वांट्याला सुमारें वीस लाख लोक येतात. २०११ च्या खानेसुमारींत सबंध गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास भरली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आसनांचें वजन कळतें. लोक यांना ‘पांच छोटे राजे’ म्हणत. १९७९ सालीं इव्हॉन ब्रॅथवेट बर्क या कृष्णवर्णीय विदुषीची नेमणूक होईपर्यंत या आसनांवर स्त्री बसलीच नव्हती; २०२० च्या निवडणुकीनें पांचहि जागीं स्त्रिया आल्या. पुढें २०२४ च्या नोव्हेंबरांत मतदारांनीं सभासदसंख्या नऊ करण्याचा कौल दिला, व तो २०३० च्या खानेसुमारीनंतर अमलांत यावयाचा आहे. १८५२ सालीं बेतलेला अंगरखा उसवावयास इतका काळ लागला!

सभेचें कामकाज नवख्यास नीरस वाटण्याजोगेंच असतें. एखाद्या पुलाची दुरुस्ती, रुग्णालयासाठीं यंत्रांची खरेदी, कोणाच्या तरी नुकसानभरपाईची तडजोड, अशा बाबींनीं कार्यपत्रिकेचीं पानेंच्या पानें भरलेलीं असतात. ज्यांवर कोणाचा आक्षेप नाहीं अशा बाबींची एकत्र मोळी बांधून ती एकाच मतदानानें मंजूर करतात. मध्येंच सत्कार होतात, मानपत्रें दिलीं जातात. मायकेल ॲन्टोनोविच नांवाचे एक सभासद २०१६ पर्यंत मंडळावर होते. ते काउंटीच्या प्राणिगृहांतील एखादें निराधार कुत्रें वा मांजर सभेपुढें आणून त्याला कोणी घर देईल काय, अशी विचारणा करीत. सभा संपतेवेळीं दिवंगत नागरिकांचीं नांवें घेऊन त्यांच्या स्मरणार्थ ती तहकूब करण्याचाहि तेथें प्रघात आहे. यांत वेळ दवडतो अशी कुरकूर कोणी करील. परंतु अब्जावधि डॉलरांच्या अंदाजपत्रकाच्या मधोमध एक कुत्रें येऊन बसतें, हें दृश्य कांहीं अगदींच वाईट नव्हे.

तथापि या सभेचें खरें सामर्थ्य तिच्या दाराच्या कडींत आहे. ती कडी आंतून लावतां येत नाहीं. १९५२ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील ‘क्रॉनिकल’ पत्रानें मायकेल हॅरिस या बातमीदाराची एक लेखमाला छापली. गांवोगांवचीं मंडळें जाहीर सभेपूर्वींच आंतल्या खोलींत निर्णय उरकून घेतात, आणि लोकांपुढें होतें तें केवळ नाटक, हें तिनें चव्हाट्यावर आणलें. त्याचा परिणाम म्हणून मोडेस्टोचे प्रतिनिधि राल्फ ब्राऊन यांनीं मांडलेला कायदा १९५३ सालीं मंजूर झाला व तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. लोकांनीं कारभार सोंपविला म्हणजे आपलें सार्वभौमत्व सोंपविलें असें नव्हे, हा त्याचा पाया.

या कायद्याचीं कलमें घरगुती शहाणपणानें भरलेलीं आहेत. नित्याच्या सभेची कार्यपत्रिका ७२ तास आधीं लोकांना दिसेल अशी लावली पाहिजे, आणि थोडे अपवाद वगळतां, तींत नसलेल्या बाबीवर निर्णय घेतां कामा नये. सभेंत बसावयास आलेल्या माणसाकडून नांवगांव लिहून घेण्याची सक्ति करतां येत नाहीं. मंडळावर टीका करतो म्हणून कोणाचें तोंड बंद करतां येत नाहीं. दंगा इतका वाढला कीं सभागृह रिकामें करावें लागलें, तरी त्या दंग्यांत नसलेल्या वार्ताहरांना आंत राहूं द्यावें लागतें. कोर्टांतील दावे, नोकरवर्गाचीं प्रकरणें, जमिनीच्या खरेदीचा सौदा अशा ठराविक गोष्टींसाठींच दार लावण्यास मुभा आहे. आणि सर्वांत गमतीची गोष्ट अशी कीं, पांचांपैकीं तिघे म्हणजे बहुमत. तेव्हां तिघांनीं एकत्र बसून काउंटीच्या कामासंबंधीं खासगी चर्चा केली तर ती बेकायदेशीर सभा ठरते. एकानें दुसऱ्यास व दुसऱ्यानें तिसऱ्यास निरोप पोंचवून मत जुळविलें तरीहि तोच दोष! ज्या देशांत सभेपूर्वींच्या चहालाच खरी सभा म्हणण्याची पद्धत आहे, तेथील लोकांना हें कलम जाचक वाटणें स्वाभाविक आहे.

नागरिकाला मात्र या सर्व थाटांत बोलावयास मिळतात तीं बहुधा एक किंवा दोन मिनिटें. घंटा वाजते, ध्वनिक्षेपक बंद होतो, पुढचें नांव पुकारलें जातें. मुलाच्या मृत्यूची हकीकत सांगणारी आई आणि पथकराविषयीं तक्रार करणारा दुकानदार यांना सारखाच वेळ. उच्चासनावरून बहुधा उत्तर येत नाहीं, आणि कार्यपत्रिकेबाहेरच्या विषयावर विस्तारानें उत्तर देण्यास कायद्याचीहि आडकाठी असते. मग या मिनिटाचें मोल तें काय? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर सभागृहांतून उठून तीस-चाळीस किलोमीटर नैर्ऋत्येस, मॅनहॅटन बीच नांवाच्या समुद्रकांठच्या नगरांत गेलें पाहिजे.

तेथें १९१२ सालीं विला ब्रूस या कृष्णवर्णीय स्त्रीनें समुद्रालगत जमिनीचा एक तुकडा विकत घेतला. तिचे पति चार्ल्स ब्रूस आगगाडीच्या भोजनडब्यांत मुख्य आचारी होते. व्यवहार पाहावयाचा तो विला हिनेंच. त्या काळीं कृष्णवर्णीयांना बहुतेक समुद्रकिनाऱ्यांवर मज्जाव असे. ब्रूस दांपत्यानें तेथें उपाहारगृह, स्नानाचे पोषाख बदलण्याच्या खोल्या, पुढें नृत्यासाठीं दिवाणखाना अशी सोय केली, आणि लॉस एंजलीसची कृष्णवर्णीय कुटुंबें रविवारीं तेथें येऊं लागलीं. शेजारच्या कांहीं गोऱ्या लोकांना हें खपेना. समोरची किनारपट्टी एका बड्या जमीनमालकानें दोर बांधून अडविली, तेव्हां स्नानास आलेल्यांना वळसा घालून पाण्यापर्यंत जावें लागे. मोटारींच्या चाकांतील हवा सोडण्यांत आली. आग लावण्याचाहि प्रयत्न झाला. तरीहि लोक येतच राहिले.

तेव्हां १९२४ सालीं नगराच्या विश्वस्त मंडळानें ठराव केला कीं, सार्वजनिक उद्यानासाठीं ही जमीन सक्तीनें संपादन करावी. ब्रूस दांपत्य न्यायालयांत भांडलें. जमिनीबद्दल ७०,००० आणि नुकसानीबद्दल ५०,००० डॉलर त्यांनीं मागितले. १९२९ सालीं हातीं पडले ते १४,५०० डॉलर. इमारती पाडल्या गेल्या, कुटुंब गांव सोडून गेलें. ज्या उद्यानासाठीं एवढा खटाटोप, तें मात्र कित्येक वर्षें झालेंच नाहीं. जमीन तशीच ओसाड पडून होती.

येथें एक गोष्ट नजरेआड करतां कामा नये. १९२४ चा तो अन्याय रात्रीच्या अंधारांत लाठ्याकाठ्यांनीं झाला नाहीं. लाठ्याकाठ्यांनीं जें साधलें नाहीं तें ठरावानें साधलें. उद्यानासारखें सोज्ज्वळ कारण त्याला जोडलेलें होतें. सभेचें सोंवळें पाळलें कीं निर्णय शुद्ध होतो असें समजणाऱ्यांनीं मॅनहॅटन बीचचें हें पान अवश्य वाचावें. परंतु त्याच पानाची दुसरी बाजू अशी कीं, ठराव होता म्हणून दप्तर होतें, आणि दप्तर होतें म्हणून पुरावा होता. रॉबर्ट ब्रिघम या शिक्षकानें १९५६ सालीं आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठीं हीं जुनीं कागदपत्रें खणून काढलीं, तेव्हां त्या नगरांत हा विषय बोलण्याजोगा राहिलेला नव्हता. इतिहासाच्या शिक्षकांवर ‘जुनीं मढीं उकरतात’ असा आरोप होतो. कांहीं मढीं उकरण्यासाठींच पुरलेलीं असतात.

मधल्या काळांत समुद्रालगतची ती जमीन १९४८ सालीं राज्यसरकारकडे आणि १९९५ सालीं काउंटीकडे आली. काउंटीनें तीवर जीवरक्षकांचें कार्यालय चालविलें. वरच्या बाजूच्या नगर-उद्यानाला २००७ सालीं ‘ब्रूसेस बीच’ हें नांव मिळालें, परंतु नांवानें जमीन मिळत नाहीं. २०२० पासून लोकांची मागणी वाढली. किनाऱ्यावर मेळावे झाले आणि तीं एक-एक मिनिटाचीं भाषणें सभांतून पुनःपुन्हां ऐकूं येऊं लागलीं. एप्रिल २०२१ मध्यें जॅनिस हान आणि हॉली मिचेल या सभासदांनीं जमीन परत करण्याच्या दिशेनें पहिला ठराव मंडळापुढें आणला. ज्या इमारतीला केनेथ हान यांचें नांव आहे, त्यांचीच जॅनिस हान ही कन्या.

मंडळानें ‘हो’ म्हटलें तरी तेवढ्यानें भागेना. १९९५ सालीं जमीन देतांना राज्यानें ती दुसऱ्यास न देण्याची अट घातली होती. ती उठविण्यासाठीं कायदा करावा लागला आणि त्यावर सप्टेंबर २०२१ मध्यें राज्यपालांची सही झाली. मग ही सार्वजनिक मालमत्तेची फुकट देणगी आहे, अशी हरकत घेऊन एक दावा दाखल झाला. ही हरकत अगदींच पोकळ म्हणतां येणार नाहीं, कारण लोकांच्या मालकीची वस्तु मंडळानें कोणास द्यावी हा प्रश्न विचारण्याचा हक्क नागरिकाला असलाच पाहिजे. एप्रिल २०२२ मध्यें न्यायाधीशानें ती फेटाळली. वंशविद्वेषानें घडलेला अन्याय दुरुस्त करणें हेंहि सार्वजनिक हिताचेंच काम ठरलें. वारस कोण, हेंहि रीतसर तपासून ठरवावें लागलें.

अखेर २८ जून २०२२ रोजीं, तोहि मंगळवारच, ही बाब नित्याच्या सभेंत मतास आली. पांचहि सभासदांनीं अनुकूल मत दिलें. ब्रूस दांपत्याच्या वंशजांच्या नांवें जमीन करून द्यावी. जीवरक्षकांच्या कार्यालयासाठीं काउंटीनें ती त्यांच्याकडूनच वार्षिक ४,१३,००० डॉलर भाड्यानें घ्यावी. आणि वंशजांची इच्छा झाल्यास दोन कोटि डॉलरपर्यंत किमतीस काउंटीनें ती विकत घ्यावी, असें ठरलें. सरकारनें कृष्णवर्णीयांकडून हिरावलेली जमीन त्यांच्या वंशजांस परत केल्याचें असें उदाहरण अमेरिकेंत त्यापूर्वीं क्वचितच कोणी पाहिलें असेल.

जानेवारी २०२३ मध्यें वंशजांनीं ती जमीन काउंटीला विकून टाकण्याचा निर्णय कळविला. कांहीं लोक यानें हिरमुसले. ती जागा पुन्हां त्याच कुटुंबाच्या नांदत्या हातीं दिसावी असें त्यांना वाटत होतें. परंतु नगराच्या नियमांप्रमाणें तेथें सार्वजनिक उपयोगाखेरीज दुसरें बांधकाम सहजासहजीं करतां येण्याजोगें नव्हतें, आणि आपल्या मालकीच्या जमिनीचें काय करावयाचें हें मालकानें ठरवावें, यासाठींच तर एवढा झगडा झाला होता. विक्रीची किंमत सुमारें दोन कोटि डॉलर ठरली. काउंटीची इमारत जागच्या जागीं राहिली, आणि लॉस एंजलीसच्या सभागृहांत पुढच्या मंगळवारची कार्यपत्रिका, नियमाप्रमाणें ७२ तास आधीं, लावण्यांत आली.