जखम झाली नाही त्यांचं काय?

(खडकवासला येथील युवा मेळाव्यातील भाषण)

रविवारी धरणावर कणीस खायचं सोडून इथे बसलात, शुक्रिया. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे सल्ले कमी देईन.

२ जून २०१४. फेसबुकवरच्या बदनामीकारक पोस्टवरून पुण्यात वातावरण तापलेलं. हडपसरमध्ये नमाज पढून घरी निघालेल्या मोहसीन शेखला जमावाने मारून टाकलं. त्या पोस्टशी त्याचा काही संबंध नव्हता. सोलापूरचा मुलगा, आयटीत नोकरी. माझ्यासारखाच. त्या रात्री अम्मी फोनवर एवढंच म्हणाली, "दाढी काढून टाक." मी काढली. पुढे कित्येक महिने मागून बाइकचा आवाज आला की मी कडेला थांबायचो. ऑफिसात कुणाजवळ बोललो नाही. काय बोलणार? मार तर दुसऱ्याने खाल्ला होता.

घटना घडली की आपण वकील शोधतो, वर्गणी काढतो. ते हवंच. पण सोबत असलेला, डोळ्यांदेखत सगळं पाहून वाचलेला मित्र रात्री झोपतो का, हे कोण विचारतं? खटला चालू असतानाच, २०१८ मध्ये, मोहसीनचे वडील गेले. जानेवारी २०२३ मध्ये सत्र न्यायालयात सगळे आरोपी निर्दोष सुटले. अशा निकालाच्या दिवशी त्या घरी कुणीतरी जाऊन बसायला हवं. आपण स्टेटस टाकतो.

तहसीन पूनावाला खटल्यात १७ जुलै २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने राज्यांना बजावलं: झुंडबळींची भरपाई ठरवताना शरीराबरोबर मनाची इजाही धरा, अंतरिम मदत तीस दिवसांत द्या. पण मनाची इजा धरायची तर ती कागदावर यायला हवी. टाके आपोआप लिहिले जातात, उडालेली झोप नाही. म्हणून पीडिताला पहिल्या आठवड्यातच सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, केसपेपर जपून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून उपचार हा हक्क दिलाय, मेहरबानी नाही.

टेली-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो, मराठीतही. पण "माझ्या नावामुळे मला भीती वाटते" हे अनोळखी माणसाला सांगताना जीभ अडते. समोरून "दुर्लक्ष करा" असं आलं, तर माणूस पुन्हा फोन करत नाही. म्हणून ऐकणारी, शिकलेली माणसं आपल्या मोहल्ल्यातही हवीत, आणि बायकांसाठी बायका.

इथे सायकॉलॉजी किंवा एमएसडब्ल्यू करणारे कोण आहेत? चहाआधी माझ्याकडे नावं द्या. मशीद कमिटीकडे जुम्म्यानंतर एक खोली मागायला मी येतो.